नव्या गिलाव्यावर कलर: कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतलं दुकान, पेंटर मामा आणि पुट्टी, पावसाळा काढल्यानंतरचा रिव्ह्यू

कलरच्या कामाचा रिव्ह्यू काम झाल्या झाल्या लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नवा कलर मारलेली कुठलीही खोली पहिल्या महिन्यात भारीच दिसते, आपण फोटो काढून स्टेटसला टाकतो, पेंटरला पाच स्टार देऊन मोकळं होतो, आणि भिंतीच्या पोटात काय चाललंय ते जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर येतं. आमचं काम मे मध्ये संपलं. कळंब्याच्या बाजूला झड लागली की चार चार दिवस कपडे वाळत नाहीत हे इथल्या कुणाला वेगळं सांगायला नको, तर त्या सगळ्यातनं आमच्या भिंती गेल्यात म्हणून आता लिहितेय.

काम असं होतं. जुन्या घरावर वरचा मजला चढवला, हॉल, दोन बेडरूम, जिना. विटांचं बांधकाम, आतून सिमेंटचा गिलावा, क्रश सँडमधला (दगड भरडून केलेली वाळू). जिप्सम नव्हे, हे आधीच सांगते, कारण हल्ली फ्लॅटमध्ये बरेचजण जिप्सम मारतात आणि त्याचं गणितच वेगळं असतं, त्याला पाणी मारायचं नसतं, फिनिश गुळगुळीत येतं त्यामुळं पुट्टी (कलरच्या आधी भिंत गुळगुळीत करायला लावतात तो पांढरा लेप) कमी लागते, आणि बाथरूमला किंवा ओल येणाऱ्या भिंतीला ते चालत नाही. तुमचं जिप्सम असेल तर खालचं निम्मं वाचलं नाही तरी चालेल.

कोटेशन तीन घेतली. एक घरी येऊन कलर करून देणारी कंपनीची सर्व्हिस, एक आमच्या गवंड्याच्या ओळखीचा कॉन्ट्रॅक्टर, आणि लक्ष्मीपुरीतल्या कलरच्या दुकानातनं मिळालेले पेंटर मामा. कंपनीचा मुलगा एकदम टापटीप, लेसरनं माप घेतलं, टॅबवर आमच्याच हॉलचा फोटो घेऊन त्याला कलर लावून दाखवले, ओलावा मोजायचं मशीनपण होतं त्याच्याकडं, दोन सुया असलेलं, भिंतीला टेकवलं की आकडा येतो. आकडा लाल आला. मी म्हटलं मग आता? तर म्हणे काही नाही मॅडम, आम्ही त्याच्यावर डॅम्प प्रूफ कोट मारतो, आठवड्यात फिनिश. आता मला सांगा, मशीन लावून ओल आहे हे कळलं आणि त्यावर उपाय काय, तर ती ओल आतच कोंडायची, मग मशीन आणलंच कशाला? (त्या मशीनचं एक सांगते, असली स्वस्तातली सुयांची मीटरं मुळात लाकडाच्या हिशोबानं बनवलेली असतात, गिलाव्यात क्षार असले की आकडा उगाच चढा येतो, त्यामुळं एका आकड्यावर जाऊ नका, आठवड्यानं त्याच जागी परत लावून आकडा उतरतोय का तेवढंच बघायचं.)

कॉन्ट्रॅक्टरचं तर त्याहून सोपं. "वहिनी, पाडव्याच्या आत चकाचक करून देतो." गिलावा फेब्रुवारीअखेर संपलेला, वर पाणी मारणं चालूच, आणि पाडवा तोंडावर.

मामा सगळ्यात कमी बोलले. भिंतीला तळहात लावला, मग हाताची उलटी बाजू लावली, खाली कोपऱ्यात, खिडकीच्या खाली, वायरिंगच्या झिऱ्या बुजवल्यात तिथं. नखानं ओरखडा काढून बघितला. पाणी किती दिवस मारलंय विचारलं. मग म्हणाले, आत्ता घेत नाही, एप्रिल उजाडू दे. सासूबाई म्हणाल्या, अहो पाडव्याला वास्तुशांत ठरलीय, मुहूर्त काढलाय. त्यावर मामा, "मुहूर्त भटजींना इचारलासा, भिंतीला इचारलासा काय?" सासूबाई हसल्या आणि काम तिथंच मामांना मिळालं. वास्तुशांत पाडव्यालाच झाली, करड्या भिंतींवर झेंडूच्या माळा सोडून, कुणाचं काही अडलं नाही. फक्त जेवायला आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं कलर का नाही मारला हे विचारलं आणि प्रत्येकाला तेच तेच सांगून माझं तोंड दुखलं, ते इथं एकदाच लिहून टाकते.

सिमेंट पाण्यात कालवलं की त्यातनं चुना सुटतो, त्यामुळं ताजा गिलावा चांगलाच अल्कली असतो, पीएच १२ च्या वर. हवेतला कार्बन डायऑक्साईड लागून तो हळूहळू शांत होत जातो. त्यात आपणच वरनं आठवडाभर पाणी मारलेलं असतं, आणि ते मारायलाच पाहिजे, सात दिवस तरी, विशेषतः उन्हाळ्यात, नाहीतर गिलावा भुसभुशीत होतो, हात फिरवला की वाळू हातात येते आणि तसल्या भिंतीवर कितीही महागाची पुट्टी लावा, ती वाळूसकट सुटणार. पाणी बंद केल्यावर मग वाळायचा काळ सुरू. कलर कंपन्या नव्या गिलाव्याला साधारण २८ दिवस थांबा म्हणतात, पण ते चांगल्या कोरड्या हवेतले २८ धरा, आपल्याकडं जून-जुलैत गिलावा झाला असेल तर कॅलेंडर बघूच नका, दिवाळीपर्यंत थांबायची तयारी ठेवा. घाई केली तर काय होतं? ऑइल पेंट असेल तर त्यातलं तेल आणि भिंतीतली अल्कली मिळून अक्षरशः साबण तयार होतो, भिंत चिकट लागते, कलर सुटतो. पाण्यातल्या इमल्शनला साबणाचा त्रास नाही, पण आतलं पाणी बाहेर यायला वाट शोधतं म्हणून फुगे येतात, पांढरा क्षार फुटतो, आणि काही शेड अल्कलीनं फिक्या पडून चट्टे उठतात.

२०१९ च्या पुरात शाहूपुरीत आमच्या पाहुण्यांच्या घरात पाणी होतं. त्यांनी खालचा सगळा गिलावा काढून नवा केला आणि दिवाळीला कलर मारला, म्हणजे पूर ऑगस्टचा, दिवाळी ऑक्टोबरची, विटा अजून पाणी पिऊन फुगलेल्या. होळीला गेलो तर कमरेएवढ्या उंचीपर्यंत नुसते पोपडे. ते आमच्या सगळ्यांच्या डोळ्यासमोर होतं, म्हणूनपण मामांचं ऐकलं गेलं.

एप्रिलमध्ये मामा आले ते जाड प्लास्टिकचे दीड-दोन फुटी तुकडे घेऊन. प्रत्येक खोलीत एक-दोन ठिकाणी लावले, चारी बाजूंनी रुंद चिकटपट्टी, कुठं फट नाही, आणि म्हणाले उद्या सकाळी मी येईस्तोवर हात लावू नका. सकाळी हॉलमधलं प्लास्टिक आतनं कोरडं ठणठणीत. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवरच्या प्लास्टिकला मात्र आतल्या बाजूनं मोहरीएवढे थेंब, आणि काढल्यावर मागं भिंतीवर गडद चौकोन उठलेला. बोट लावलं तर गार. मामांनी तिथं पेन्सिलनं फुली मारली, ती भिंत तशीच सोडली आणि बाकीचं काम सुरू केलं, ती भिंत सगळ्यात शेवटी घेतली. खर्च म्हणाल तर एक चिकटपट्टी. मला ते लाल आकड्यापेक्षा जास्त पटलं कारण इथं ओल डोळ्याला दिसते, वाद घालायला जागाच नाही.

जिन्याच्या भिंतीवर पांढरी पावडर फुटलेली होती, लोणा म्हणतात तो. आमचे हे उत्साहानं ओलं फडकं घेऊन पुसायला लागले, मामांनी हात धरला. पाणी लावलं की क्षार विरघळून परत आत जातो आणि भिंत वाळली की परत वर येतो, आपण आयुष्यभर पुसत बसायचं. कोरड्या ब्रशनं झाडायचा, खाली पडलेला केर भरून बाहेर टाकायचा, थांबायचं, परत आला तर परत झाडायचं. यायचा बंद झाला की समजायचं आतलं पाणी संपत आलंय. आमच्याकडं काही दिवसांत थांबला.

आता पुट्टी, ज्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. बिर्ला व्हाईट चांगली का जेके? आमच्याकडं हॉलला एक आणि बेडरूमला दुसरी लागली, काही अभ्यास म्हणून नाही, दुकानात त्या दिवशी एकीची पोती संपली होती म्हणून. दोन्ही पांढऱ्या सिमेंटच्या, दोघांचे पांढऱ्या सिमेंटचे कारखाने राजस्थानात, आणि आज मला कुठल्या खोलीला कुठली हे भिंतीकडं बघून सांगता येत नाही. खरा फरक आहे तो सिमेंट पुट्टी आणि डब्यातनं तयार येणारी अॅक्रिलिक पुट्टी यात. अॅक्रिलिक गुळगुळीत येते, लावायला सोपी, पण ती आतल्या आणि पक्क्या कोरड्या भिंतीसाठीच, ओल लागली की फुगते. नव्या गिलाव्याला सिमेंटचीच घ्या, उगाच डोकं लावू नका. जुने लोक लांबी भरा म्हणतील, खडूची पावडर तेलात मळलेली, ती दारं-खिडक्यांच्या लाकडाला ठीक, ताज्या सिमेंटवर तेल नको, साबणाचं वर सांगितलंच.

पुट्टीच्या आधीची तयारी मला सगळ्यात आवडली कारण त्याचे वेगळे पैसे कुणी धरत नाही आणि म्हणून बहुतेक पेंटर ती उरकतात. घासायच्या दगडानं आख्खी भिंत घासली, सुटी वाळू पाडली, कॉलम आणि वीट जिथं मिळतात तिथं केसाएवढे तडे होते ते पट्टीच्या टोकानं जरा रुंद करून, झाडून, क्रॅक फिलर भरला. (त्या जोडावर गिलाव्याआधी जाळी मारली तर तडे कमी येतात. ज्यांचं बांधकाम अजून चालू आहे त्यांनी गवंड्याला आजच विचारा.) मग पुट्टी लावायच्या आधी भिंतीवर पाण्याचा हलका शिपका. आमच्या ह्यांचा लगेच प्रश्न, मग इतके दिवस वाळवली कशाला? मामांनी सांगितलं ते पटलं: भिंत खोलपर्यंत ओली नको, पण वरचं तोंड तहानलेलं पण नको, नाहीतर ती पुट्टीतलं पाणी ओढून घेते, आणि पुट्टीत सिमेंट आहे, पाण्याशिवाय ते धरणार कसं, नुसती भुकटी होऊन हाताला लागते.

४० किलोच्या पोत्यातनं लागेल तेवढीच काढायची, पावडरच्या वजनाच्या ३६ ते ४० टक्के पाणी, आणि कालवलेली दोन-तीन तासात संपवायची. हाताखालचा पोरगा चहाला गेला, आल्यावर घट्ट झालेल्या पुट्टीत पाणी घालून परत घोटायला बसला, मामांनी घमेलं उचलून बाहेर ओतायला लावलं. पुट्टी माझ्या पैशाची होती तरी मला बरं वाटलं. दोन हात, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा, दोन्ही मिळून जाडी दीड मिलीमीटरच्या वर नाही. हॉलच्या एका भिंतीला गिलाव्यातच पोट आलं होतं, मी म्हटलं इथं जरा जाड भरा की, तर सरळ नाही म्हणाले, गवंड्याचं काम पुट्टीनं करायचं नसतं, जाड थर सुटून पडतो. पोट अजून आहे. सोफा लावलाय तिथं.

घासकामाच्या वेळी मात्र घरात राहू नका. इतकी बारीक पावडर उडते की खालच्या मजल्यावर पोळपाटावरसुद्धा थर, आणि पोरं कामाला तोंडाला फडकं बांधून, मी मास्क आणून दिले तर दोघांनी घातले, तिसऱ्याच्या गळ्यात शेवटपर्यंत लटकलेला. घासून झाल्यावर मामा संध्याकाळी अंधार पडल्यावर परत आले, हातात लांब वायरचा बल्ब. तो भिंतीला अगदी चिकटून आडवा धरला आणि हळूहळू सरकवत नेला, आणि दिवसा जी भिंत मला आरशासारखी वाटत होती तिच्यावर पट्टीचे फराटे, खड्डे, दोन हातांच्या मधली धार, सगळं सावल्या टाकून उभं राहिलं. प्रत्येक ठिकाणी पेन्सिलनं गोल. दुसऱ्या दिवशी तेवढ्या जागा भरल्या, परत घासल्या. तुम्ही पेंटर कुठलाही लावा, पण पुट्टी पास करायच्या आधी रात्री मोबाईलचा टॉर्च असा आडवा लावून बघा, बिलाच्या आधी बघा.

प्रायमर, म्हणजे कलरच्या आधीचा अस्तराचा हात, त्याबद्दल फार नाही. पाण्यातला, आतल्या भिंतीचा, एक हात, आधी भिंतीवरची पावडर नीट झाडून. पुट्टी पांढरीच आहे तर प्रायमर कशाला म्हणणारे भेटतील, त्यांना सांगा की पुट्टी कलर पिते, प्रायमर वाचवला तर तेवढे पैसे कलरमध्ये जातात आणि वर फिनिश पॅचपॅच येतं ते वेगळंच.

कलर हॉलला एशियन पेंट्सचं अॅपकोलाईट, आतल्या खोल्यांना ट्रॅक्टर इमल्शन. आम्ही त्यांचाच महागातला रॉयल घ्यायला गेलो होतो. दुकानातल्या काकांनीच अडवलं, म्हणाले नवीन बांधकाम आहे, पहिल्या वर्षी बारीक तडे कुठं ना कुठं येणारच, आत्ता मधल्या रेंजचा मारा, दोन-तीन वर्षांनी घर स्थिर झालं की महागाचा मारा. दुकानदार स्वतःहून कमी किमतीचा माल सुचवतोय हे मी तरी लक्ष्मीपुरीत पहिल्यांदा बघितलं. दुकानाबद्दल बाकी पण चांगलंच: टिंटिंग मशीनवर शेड समोर बनवून देतात, एका भिंतीचा सगळा कलर एकदम काढून बादल्या एकत्र फिरवून घ्या म्हणून त्यांनीच सांगितलं, जीएसटीचं १८ टक्के लावून पक्कं बिल, आणि न फोडलेली पुट्टीची पोती परत घेतली. मशीनवर बनवलेला कलर परत घेत नाहीत, ते बरोबरच आहे, तो दुसऱ्या कुणाला विकणार कसा, म्हणून शेड ठरवताना छोटा डबा आणून भिंतीवर दोन फुटाचा पट्टा मारून दिवसा आणि ट्यूबखाली दोन्ही वेळा बघा, कार्डावरची शेड भिंतीवर गडद लागते. रविवारी जाऊ नका, आठवडी बाजारात गाडी लावायला जागा मिळणार नाही.

एक गोष्ट कुणी उघड बोलत नाही ती बोलते. पुट्टीच्या पोत्यात आणि कलरच्या बादलीत पेंटरसाठी टोकन असतं, त्याचे पैसे त्याला मिळतात. यात लपवाछपवीसारखं काही नाही, कंपन्याच देतात, पण पेंटर एखाद्याच ब्रँडवर अडून बसला की मागं टोकन आहे का ते एकदा बघावं. आम्ही माल स्वतः आणला, टोकनं मामांनाच दिली, आणि मजुरी स्क्वेअर फुटावर ठरवली, दारं-खिडक्या वजा करून. माल आपण आणला की कलरमध्ये पाणी किती पडतंय यावरपण लक्ष राहतं, डब्यावर प्रमाण लिहिलेलं असतं ते मी मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवलेलं.

आता तक्रारी. मामा काम उत्तम करतात पण फोन उचलत नाहीत. मध्येच दुसऱ्या साईटवर गेले, उद्या येतो म्हणून चार उद्या गेल्या, शेवटी हे दुकानात जाऊन बसले तेव्हा निरोप पोचला. फरशीवर कागद अंथरला पण स्कर्टिंगला टेप लावली नाही, नव्या टाईल्सवर कलरचे थेंब मी ब्लेडनं खरवडून काढलेत. दोन स्विचबोर्डांच्या कडा रंगल्या त्या रंगल्याच. आणि अॅडव्हान्स जरा जास्त मागतात, तो कामाच्या टप्प्याटप्प्यानं द्या.

पावसाळ्यात काय झालं? हॉल, पुढची बेडरूम, जिना एकदम ओके, एक फुगा नाही, हात लावला तर पावडर नाही. कॉलमच्या जोडावर एक केसाएवढा तडा परत उघडलाय, दुकानातले काका म्हणालेच होते. फुली मारलेली ती बाथरूमलगतची भिंत टिकलीय, फक्त खाली फरशीलगत वीतभर जागा जरा गडद दिसते, तिथं बाथरूमच्या टाईल्सच्या सांध्यातनं पाणी येत असणार, ते कलरवाल्याचं काम नाही, प्लंबरला बोलावलंय. तोवर तिथं टचअप करायचा नाही असं मामांचं म्हणणं, या वेळी फोन चक्क पहिल्या रिंगला उचलला.

दुकानाला पाच, मामांना चार. कापलेला एक स्टार फोनचा आणि स्कर्टिंगचा. बाहेरच्या भिंतींचा गिलावा अजून तसाच आहे, ते काम नोव्हेंबरात द्यायचं ठरलंय, त्याचं पुढच्या पावसाळ्यानंतर लिहीन.